वटाण्याच्या हंगामातली मनोनीत माणसं

घमापुरच्या बाजारात नवा वटाणा आला की आधी शेंगा फुटण्याचा आवाज येतो. घेणारा माणूस भाव विचारायच्या आधी एक शेंग उचलतो, अंगठ्यानं दाबतो, फोडतो आणि एक दाणा तोंडात टाकतो. गोड लागला तरच पुढचं बोलणं. गाडीवाला काही म्हणत नाही, कारण पहाटे मंडीत त्यानंही हेच केलेलं असतं. मला ही रीत फार आवडते. वटाण्यावर कोणी आंधळा भरवसा ठेवत नाही, आणि वटाण्याला त्याचा रागही येत नाही. माणसाचं मात्र आपण असं करत नाही. पांढरा कुर्ता आणि जोडलेले हात दिसले की न फोडताच अख्खं पोतं उतरवून घेतो.

पुन्हा हंगाम आला आहे. घमापुरच्या घरी सून गच्चीवर उन्हात बसून शेंगा सोलते, टरफलांचा हिरवा ढीग वाढत जातो, आणि त्या वासावर गल्लीतली गाय येऊन दारात हक्कानं उभी राहते. नातू मुठीमुठीनं दाणे उचलतो. मी मराठीत रागावतो, तो हिंदीत हसतो. मी असा एखाद्या दिवसापुरताच घरी येतो. दिवाळी झाली की माझा मुक्काम शेतावर, सिहोऱ्याच्या अलीकडे. आमचा आजा वर्ध्याकडून इकडे हिंदी मुलखात आला तो कोणीतरी नोकरी देतो म्हणाला म्हणून. तो देणारा माणूस भेटलाच नाही. मग आजानं पडीक जमीन फोडली आणि तिथंच बसला. आमच्या घरात संशय तेव्हापासून आहे, मी काही तो नवा आणलेला नाही.

वटाण्याच्या शेताची सकाळ पाहायची असेल तर उजाडायच्या आधी उठावं लागतं. सगळ्या शेतावर दव उतरलेलं असतं. वेलीच्या प्रत्येक तंतूला थेंब, पांढऱ्या फुलात थेंब, आणि बांधावरून चाललं की धोतर गुडघ्यापर्यंत भिजतं. त्या वेळी शेंगेला कोणी हात लावत नाही. ओली शेंग बोरीत, म्हणजे पोत्यात, भरली की आतून तापते, डाग पडतात, आणि मंडीत व्यापारी ती बोटानं बाजूला सारतो. म्हणून दव वाळेपर्यंत तोडणाऱ्या बाया शेकोटीजवळ बसून राहतात. आसपासच्या गावातल्या ह्या बाया, सोबत त्यांची पोरं. तुरीच्या काड्या कडकड जळतात, धूर जमिनीलगतच फिरत राहतो, पोरं एकमेकांना ढकलून जाळाजवळ जागा करतात. ऊन वर आलं, वेलीचा रंग फिक्याचा गडद झाला, की बाया पदर खोचून ओळीत उतरतात. मागून पोरंही.

आणि मग खाणं सुरू होतं. आमच्या भागातली रीत अशी आहे की तोडताना खाल्लेली शेंग कोणी मोजत नाही. माझ्या बापानं मोजली नाही, मी मोजली नाही. कितीही कंजूस शेतकरी असो, पोराच्या हातातली शेंग हिसकत नाही. पोरं सकाळपासून खातात. कोवळी शेंग टरफलासकट, जून असेल तर दाणे काढून. ओठ हिरवे, हात हिरवे. लहानपणी मीही असाच खात होतो. त्याच हंगामात शाळेतून माझं नाव कापलं गेलं, कारण मास्तरांनी पुकारलं तेव्हा मी ओळीत वाकलेला होतो. तेवढीच माझी शाळा. पुढचं अक्षर मी दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो, आणि कोणी मला अडाणी म्हटलेलं मी खपवून घेतलेलं नाही.

मागच्या हंगामात शेताला लागून असलेल्या सरकारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला गेला. मांडवाची एक बल्ली माझ्या बांधात रोवली, मला न विचारता. तिथूनच माझं मन बिघडलं. विचारलं तर मास्तर, ज्यांना इकडे सगळे मास्साब म्हणतात, ते म्हणाले की नवी समिती झाली आहे. शेती, पोरांचं पोट आणि शाळा, तिन्हीचं एकत्र पाहणार. तिचे तीन मनोनीत सदस्य आज येऊन राहिले आहेत. मनोनीत म्हणजे लोकांनी न निवडलेले, वरून बसवलेले.

निवडून येणाऱ्या माणसाची गरज मला कळते. त्याला माझं बोट पाहिजे, शाई लावायला. तो वाकतो तेव्हा किती वाकतो आणि किती दिवस वाकतो, ह्याचा मला अंदाज आहे. पण ज्याला माझ्याकडून काहीच नको, तो इतका गोड काहून बोलतो? हा प्रश्न मी मांडवात बसल्या बसल्या चघळत होतो. शेतीवाले साहेब उठले आणि म्हणाले की ह्या भागात थंड गोदाम होईल, वटाणा सडणार नाही. शाळावाले साहेब उठले आणि म्हणाले की एकही शाळा बंद होणार नाही, एकाही मुलाचं नाव कापलं जाणार नाही. मी आजूबाजूला पाहिलं. बसलेले सगळे माझ्यासारखे, ज्यांना तोडीला वाकता येत नाही असे. टाळ्याही आम्हीच वाजवत होतो.

तिसऱ्या होत्या मालतीताई. पिकलेले केस, सुती साडी, आवाज हळू. निवृत्त शिक्षिका, असं मास्साबनी सांगितलं. त्या म्हणाल्या की हंगामात एकही मूल उपाशी राहणार नाही, हा आमचा शब्द आहे. तेव्हा माझ्यानं बसवलं नाही. मी उठून म्हणालो, ज्यांच्याबद्दल बोलून राहिले ती पोरं बांधापलीकडे आहेत, इथं नुसते बुढ्ढे बसले आहेत. हिंदीतच बोललो, पण माझं हिंदी ऐकून कोणीही ओळखतं. मालतीताईंनी लगेच मराठीत विचारलं, "काका, तुम्ही मराठी का? आमचं घराणं मराठ्यांच्या काळापासून इथलं."

बाहेरच्या माणसानं आपल्या घरची भाषा बोलली की लोक विरघळतात. मी उलट सावध होतो. इतकी स्वच्छ मराठी, एकही शब्द वाकडा नाही, आणि ती माझ्याशीच काहून? म्हटलं, आता नक्कीच काहीतरी मागणार.

सगळी मंडळी शेतावर आली. मास्साबनी शाळेतलं जेवण मागोमाग आणवलं. एरवी ते शाळेतच मिळतं, दुपारी, आणि हंगामात ते खायला शाळेत कोण असतं ते सांगायला नको. त्या दिवशी खीर आणि पुऱ्या होत्या. साहेब लोकांच्या समोर पोरांना ओळीनं बसवलं. पोरांनी पुरीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि हात पुढे केला नाही. सकाळपासून कच्चा वटाणा भरलेला, जागा कुठं होती? सुकवारो नावाची बाई माझ्याकडे पुष्कळ हंगाम तोडीला येते, तिची पोरगी रोशनी. ती खिरीचा वास घेऊन ताट बाजूला ठेवून बसली.

शेतीवाले साहेब खुश झाले. म्हणाले, "देखिए, यहाँ तो बच्चों का पेट भरा हुआ है. यह है किसान का दिल." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. फोटोवाला पुढे आला.

खरं सांगतो, छाती भरून आली. माझ्या शेतानं पोरांची पोटं भरली, असं कोणीतरी मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं. आजाच्या त्या पडीक जमिनीचं नाव झालं होतं. पण तो हात माझ्या खांद्यावर जरा जास्तच वेळ राहिला. जो हात निघत नाही, तो काहीतरी घेऊन जातो, असा माझा स्वभावच आहे विचार करायचा. हा माणूस इथून काय घेऊन चालला आहे? माझ्या लक्षात आलं. ह्या पट्ट्यात पोरं उपाशी नाहीत, हे तो घेऊन चालला होता.

मी खांदा काढून घेतला. म्हणालो, हे पोट नाही, हा फुगा आहे, संध्याकाळी येऊन पाहा. ते हसले. त्यांना अजून दुसऱ्या गावी जायचं होतं. गाड्या सुरू झाल्या. मालतीताई मात्र बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी थांबते."

मला तेही पटलं नाही. म्हटलं, "तुमी कायले थांबता? धूळ लागेल."

"धुळीनं काही होत नाही. तुम्ही म्हणालात संध्याकाळी पाहा, म्हणून थांबते."

त्या बांधावर बसल्या. मी पलीकडे बसलो. ऊन उतरायला लागलं, बोऱ्या बांधावर उभ्या राहिल्या, सुया-सुतळ्या निघाल्या, रस्त्यावर ट्रकवाला हॉर्न देऊ लागला. आणि रोज होतं ते सुरू झालं. एका पोराचं पोट दुखायला लागलं, मग दुसऱ्याचं. रोशनी बोऱ्यांच्या आडोशाला दोन्ही हातांनी पोट धरून वाकून बसली, आणि थोड्या वेळानं तिनं सगळं हिरवं हिरवं बाहेर काढलं. तोंड पुसून आईला म्हणाली की भूक लागली. सुकवारोनं तिच्याकडे न पाहता बोरी शिवत शिवत म्हटलं की घरी जाऊ तेव्हा चूल पेटेल. मालतीताईंनी विचारलं तेव्हा ती एवढंच बोलली, "हर साल का है, दीदी."

मालतीताई बांधावर परत येऊन बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "काका, सकाळी दव वाळेपर्यंत ही मुलं काय करतात?"

"काय करतील? शेकोटीपाशी बसतात."

"रोज?"

"दव रोजच असते."

"म्हणजे तेवढा वेळ त्यांना काहीच काम नसतं. आणि पोटात वटाणाही नसतो."

मी त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्या शेकोटीपाशी हात शेकत बसलो होतो आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे कबूल करायला मला आवडत नाही, म्हणून मी म्हणालो, मग काय? त्या म्हणाल्या की हंगामात शाळा तेव्हाच भरवायची. उजाडताना. आधी जेवण, मग दव वाळेपर्यंत धडा. नंतर आयांबरोबर तोडीला गेली तरी मुलं जेवलेली असतील, नाव पटावर राहील. "मी हे करून घेईन. पुढच्या हंगामापासून."

चांगलं चाललं होतं, आणि शेवटी तो शब्द आलाच. पुढच्या हंगामापासून. आयुष्यभर मी हे ऐकत आलो. पुढल्या हंगामात कालवा, पुढल्या हंगामात भाव, पुढल्या हंगामात गोदाम. ह्या लोकांचा चालू हंगाम कधी येतच नाही. त्यांनी त्यांचा फोन नंबर दिला. मी ठेवून घेतला, जसं आपण लग्नातली सुपारी ठेवून घेतो.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, पेरणी झाली. मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं, पण मालतीताईंनी जाताना सुकवारोला सांगून ठेवलं होतं, आणि ते साऱ्या बायांत पसरलं. यंदा पहिल्या तोडीच्या सकाळी पोरं शेकोटीपाशी आली ती हातात ताटल्या घेऊन. शाळेकडे तोंड करून बसली. मी पाहिलं आणि मान फिरवली. ऊन वर आलं. दव वाळलं. शाळेचं कुलूप तसंच होतं. बायांनी पदर खोचले, पोरांनी ताटल्या बांधावर पालथ्या ठेवल्या आणि ओळीत उतरली. थोड्या वेळानं शेंगा फुटायला लागल्या.

शाळा उघडल्यावर मी मास्साबना गाठलं. ते माणूस वाईट नाहीत. म्हणाले, "बब्बा, ऊपर से कुछ नहीं आया. और पिछले साल तो साहब लोग खुद देख गए कि यहाँ बच्चे खाते ही नहीं." म्हणजे शेतीवाल्यांची दुपार वर पोहोचली होती आणि मालतीताईंची संध्याकाळ पोहोचली नव्हती. आमचा विनय, माझा मुलगा, सिविल लाइन्समध्ये एका कचेरीत आहे. त्यानं फोनवर सांगितलं की ती समिती आहे, पण माणसं बदलली. "तुमच्या मालतीताई पण गेल्या, बाबा. अन् तुम्ही बी आता बस करा. पुढल्या साली शेत ठेक्यानं देऊन टाकू."

माझा संशय खरा ठरला होता. संशयी माणसाला अशा वेळी आनंद होत असेल असं लोकांना वाटतं. माझ्या तोंडाची चव गेली होती. चहा कडू लागत होता, आणि मी उगाच ट्रकवाल्याशी भांडलो. त्या पोरांनी ताटल्या पालथ्या कशा ठेवल्या, न आपटता, न काही बोलता, तेच डोळ्यांसमोर येत होतं. त्यांना सवय होती.

मी मालतीताईंना फोन लावला. ऐकवायचं म्हणूनच लावला. त्यांनी आवाज ओळखला. म्हणाल्या की मला वगळलं, काका. मागे लागले होते मी, पुष्कळ. लागल्या असतील. नसतीलही. मला काय दिसतं? मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रोशनी शाळेत जाते का?"

तिचं नाव त्यांना आठवत होतं. वर्ष झालं होतं, आणि त्यांचा आता काही संबंध राहिला नव्हता. मी फोन ठेवून दिला. रोशनीची यंदा पाचवी आहे, परीक्षा बोर्डाची. तिचं नाव अजून पटावर आहे एवढंच. हंगाम संपेपर्यंत राहील की नाही ते कोणी सांगावं. बांध माझा, शेत माझं, आणि ती ज्या ओळीत वाकते ती ओळही माझीच.

दुसऱ्या दिवशी मी झोपडीतली बाज ओढत आणून शेत आणि शाळेच्या मधोमध बांधावर टाकली आणि तिच्यावर बसलो. बायांना सांगितलं की आजपासून तोड तुम्ही करा, पण शाळेत दुपारचं जेवण झाल्याशिवाय एकाही पोराचा पाय ह्या शेतात पडणार नाही. आणि त्याआधी शेंग तोंडात नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत मी मोडली. मला ती मोडताना लाज वाटली, पण मोडली.

बाया चिडल्या. पोरं असली की हात वाढतात, बोरी लवकर भरते. लहानग्यांना कोण पाहणार? सुकवारो कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"बब्बा, तुम कब से साहब बन गए?"

म्हटलं, आजपासून. मला कोणी निवडलं नाही, मीच मला मनोनीत केलं. बाया हसल्या, ती हसली नाही. मी तिला सांगितलं की पोरीच्या हातची तोड कमी पडेल ती मी माझ्याकडून भरून देईन, आणि तिचा धाकटा पोरगा माझ्याजवळ बाजेवर बसेल.

"कह तो सब देते हैं," ती म्हणाली.

हे मला कोणी म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं. राग आला. पण ती माझ्याकडे पाहत होती ते मांडवात मी साहेबांकडे पाहत होतो तसंच. संध्याकाळी बोरी शिवली जात असतानाच तिचा हिशेब, पोरीच्या वाट्यासकट, तिच्या हातावर ठेवला. तिनं घेतला आणि उद्याचं उद्या पाहू अशा चेहऱ्यानं गेली.

तेव्हापासून मी बाजेवर असतो. धाकट्याचं नाक वाहतं, तो माझ्या धोतराला पुसतो. माल उशिरा भरतो, ट्रकवाला माझ्या नावानं बोटं मोडतो, विनय रोज फोनवर ओरडतो. शेजारचे शेतकरी म्हणतात, म्हातारा फिरला. शाळेतून पाढ्यांचा आवाज येतो, त्यात रोशनीचा कोणता ते ओळखायचा मी प्रयत्न करतो. दुपारी वाऱ्यावर डाळीच्या फोडणीचा वास येतो, ताटल्यांचा खणखणाट होतो, आणि मग पोरं धावत बांधाकडे येतात. मी प्रत्येकाचा हात हुंगतो. डाळीचा वास आला तर आत. एक चपळ पोरगं हाताला नुसतंच पाणी लावून आलं होतं, त्याला परत पाठवलं. माझ्यावर भरवसा नाही का, असं त्यानं विचारलं. म्हटलं, नाही.

परवा रोशनी आली तेव्हा मी तिचा हात हुंगला आणि सोडला. ती मात्र आत गेली नाही. बाजेजवळ उभी राहिली.

"बब्बा, कल भी बैठोगे?"

म्हटलं, हो, उद्याही.

"और अगले साल?"

मला ठेक्याचं आठवलं. माझे गुडघे आठवले. हो म्हणायला काय लागतं? त्या तिघांना काय लागलं होतं? शब्द अगदी ओठांवर आला होता, आणि तो किती हलका असतो ते मला पहिल्यांदा कळलं. मी गिळला.

"पुढल्या सालचं मले नाही सांगता येत," मी म्हणालो. "उद्याचं सांगतो. उद्या मी इथंच आहे."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळीत उतरून आईशेजारी वाकली आणि शेंगा तोडायला लागली. ऊन कलत होतं, धाकटा माझ्या मांडीवर झोपला होता, आणि पायाला मुंग्या आल्या होत्या. ती थोड्या थोड्या वेळानं मान वळवून बांधाकडे पाहत होती, म्हातारा बाजेवर आहे की गेला. मी पाय हलवला नाही.